आखाजीचा शास्त्रीय प्रयोग

त्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलांना सुट्टी दिली नाही, असे सातपुड्याखालच्या, रेल्वे नसलेल्या आमच्या जळगावात अजून बोलले जाते. हा धडधडीत अन्याय आहे. सुट्टी मी दिली होती. फक्त ती पहाटे सुरू होत असे आणि तिला तास होते.

याचे मूळ माझ्या भाषणात आहे. शाळा बंद होण्याच्या दिवशी पालकांना चार शब्द सांगण्याची आमच्याकडे पद्धत होती, आणि हेडमास्तरांना नागपूरची गाडी धरायला मलकापूरला लवकर निघायचे असल्यामुळे ते चार शब्द माझ्या वाट्याला आले. मी 'उन्हाळ्याची सुट्टी आणि पालकांचे कर्तव्य' या विषयावर बोललो. सुट्टीत मुले उनाडतात याला मुले नव्हे, आईबाप जबाबदार आहेत. सुट्टी निवांत हवी पण अर्थपूर्णही हवी. बापाने मुलांबरोबर फिरावे, माती उकरावी, निसर्ग वाचावा. मी बराच वेळ बोललो. पालक अगदी शांत होते. पुढच्या रांगेतल्या काहींना तर शेवटी उठवावे लागले. अध्यक्ष होते आमचे शेजारी महादेवराव, जमाबंदीच्या खात्यातून पेन्शनीत निघालेले आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरची जमाबंदी पाहणारे. समारोपात ते म्हणाले की मास्तरांनी सांगितले ते आपल्याला जमेल न जमेल, पण मास्तर स्वतः या सुट्टीत ते करून दाखवणार आहेत आणि आपण सगळे इथेच असल्यामुळे ते पाहणार आहोत. टाळ्या पडल्या त्या या वाक्याला.

दुसऱ्या दिवशी उकंडराव दारात उभे. उकंडराव म्हणजे माझे मेहुणे, मुलांचे मामा. त्यांचे गाव पूर्णेच्या काठी. दर उन्हाळ्यात ते बैलगाडी घेऊन येतात, माझी नर्मदा आणि तिचा धाकटा भाऊ केशव त्या गाडीत उडी मारतात, आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येतात तेव्हा ओळखू येत नाहीत. नदीच्या पात्रातली टरबुजे खाऊन, म्हशीच्या पाठीवर बसून, रापून, 'मले', 'तुले' आणि 'का'च्या जागी 'काऊन' करीत येतात आणि ती भाषा धुऊन काढण्यात माझा सगळा श्रावण जातो. त्यात आणखी एक प्रकरण होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या तालुक्यात एका गावी शेतात घट मांडतात. मोठा गोल आखून त्यावर निरनिराळी धान्ये मांडायची, मधल्या खड्ड्यात ढेकळांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड-कुरडया आणि पानाचा विडा. सगळे तसेच सोडून जायचे आणि पहाटे येऊन कोणते धान्य पसरले, कोणते ढेकूळ भिजले, विडा म्हणजे राजा, तो जागचा हलला का, हे पाहून वर्षाचे पीकपाणी सांगायचे. उकंडराव मुलांना दर वर्षी तिकडे नेत. मी तो घट कधी पाहिला नव्हता; हे सगळे मला नंतर कळले. शिकलेल्या माणसाला न पाहिलेल्या गोष्टींविषयीच ठाम मत असते, आणि माझे फार ठाम होते.

तेव्हा मी उकंडरावांना चहा दिला आणि यंदा मुले येणार नाहीत असे सांगितले. दाराआड नर्मदेचा परकर दिसत होता. तो एकदम हलायचा थांबला. उकंडराव हा मोजके बोलणारा माणूस. आयुष्य बैलांबरोबर गेल्यामुळे समोरच्याला पटवून देण्याची त्यांना सवय नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. "जवाईबुवा, पोरं तुमची हायेत. पण आखाजी झाली का मी एक खेप येतो. पोरं म्हणली, बाबापाशीच राहाचं, तं रिकामी गाडी घेऊन जातो. नाही म्हणली, तं गाडीत बसवून नेतो." मी म्हटले, अवश्य या. हे सारे कुंपणापलीकडून महादेवराव ऐकत होते. त्यांनी मान डोलावून व्यवहार पक्का केला. दिवेलागणीपर्यंत आळीत सर्वतोमुखी झाले की मास्तरांच्या सुट्टीची परीक्षा आखाजीनंतर आहे आणि परीक्षक मास्तरांचीच पोरे आहेत.

मला निकालाची काळजी नव्हती. मी कार्यक्रम आखला होता.

पहिले पहाटेची सहल. सातपुड्याचा पायथा आमच्यापासून जवळ दिसतो. दिसतो तितका तो जवळ नाही, हा भूगोल आम्ही प्रत्यक्ष चालून शिकलो. तिथे पोचल्यावर मी मुलांना झाडांची एकेक पाने तोडून आणायला लावली. घरी ती चिकटवून वनस्पतींची ओळख करून घ्यायची होती. पण जंगलखात्याच्या नाकेदाराने आम्हाला नाक्यावर अडवले आणि सरकारी जंगलातला माल बाहेर नेण्याचा परवाना मागितला. मी त्याला निसर्गशिक्षणाचे महत्त्व समजावून सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पाने जप्त केली. परवाना कुठे मिळतो विचारले तर म्हणाला, टेंभुर्णीच्या पानांचा मिळतो, मोहाचा मिळतो, पण एकेक पानाचा कसा द्यायचा याचा हुकूम अजून वरून आलेला नाही. परतताना आम्ही उन्हात सापडलो. केशवच्या पायात काटा गेला आणि तो मी काढू शकलो नाही. घरी त्याच्या आईने बिब्बा लावून काढला.

मग हस्तव्यवसाय. बोटांना वळण लागावे म्हणून मी दोघांना टकळीवर सूत काढायला बसवले. ते दिवस असे होते की टकळी दिसली की पोलिसांना गांधीटोपी दिसायची. पोलीस चौकीवरचा हवालदार दोनदा घरावरून गेला, तिसऱ्यांदा पाणी मागायला थांबला आणि पाणी पिताना सूत कोणाला पाठवता म्हणून विचारू लागला. महादेवरावांनी सल्ला दिला की टकळीला विलायती झेंड्यासारखा लाल-निळा दोरा बांधा, म्हणजे ती सरकारी दिसेल. मी टकळ्या माळ्यावर टाकल्या.

शुद्ध बोलण्याचा तास मात्र निर्विघ्न चालला, कारण त्या तासाला मुले बोलतच नसत. पुढे पुढे तासाबाहेरही बोलेनात. चुकून 'मले' निघाले तर मी दुरुस्त करीन, त्यापेक्षा पाणी हवे असेल तर ती घागरीकडे बोट दाखवत. घर इतके शिस्तीचे झाले की महादेवराव येऊन विचारून गेले, कोणी आजारी आहे का. मी म्हटले, ही निवांत सुट्टी आहे. रात्री जेवताना नर्मदा भाकरीचे तुकडे करून ताटात गोल मांडत बसायची, आणि मी त्यातूनही तिला परीघ आणि व्यास समजावून देई.

या सगळ्यानंतर मला बीजांकुरणाचा प्रयोग सुचला. आमच्या घरामागे, विहिरीला लागून, महादेवरावांचा एक पडीक तुकडा आहे. तो मी मागितला. त्यांनी दिला, पण सोबत सल्लेही दिले: जमीन कोणत्या दिशेने उकरावी, कोणत्या दिवशी उकरू नये, आणि काही उगवलेच तर त्यात मालकाचा वाटा किती. बियाणे आणायला मी रहेमतुल्लाशेटच्या दुकानी गेलो. रहेमतुल्लाशेट म्हणजे सरकीचा व्यापारी, धान्यही ठेवतो. मी एकेक मूठ ज्वारी, तूर, मूग, उडीद, गहू, हरभरा, सरकी असे सगळे मागितले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, पंचांग पाहावे तसे बाहेर आभाळ पाहिले, आणि फार आदराने प्रत्येक पुडी वेगळी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. शिक्षणाची चाड असलेला व्यापारी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

प्रयोग सांगितला आणि नर्मदा बोलली. कितीतरी दिवसांनी बोलली. प्रत्येक बी वेगळे मांडायचे म्हणाली, आणि रांगेत नको, गोलावर मांडू. मी तिला खुंटी आणि दोरी देऊन वर्तुळ काढायला शिकवायला गेलो, तर तिने ते आधीच काढले होते. मधे खड्डा करू म्हणाली, त्यात पाण्याची घागर ठेवू. मी विचारले, कशासाठी? ती म्हणाली, पाणी हळूहळू झिरपून सगळीकडे सारखे जाईल. घागर कलंडू नये म्हणून खाली चार ढेकळे. किडामुंगी बियांवर येऊ नये म्हणून तिला दुसरे खाणे, घागरीवर पापड आणि कुरडया. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण होते आणि प्रत्येक कारण शास्त्रीय होते. केशव उड्या मारीत ढेकळे आणत होता. मी घरात जाऊन सौभाग्यवतींना, अन्नपूर्णाबाईंना, म्हटले की आपल्या पोटी शास्त्रज्ञ जन्मली आहे. त्या खाटेवर कुरडया घालत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा कुरडया घालू लागल्या.

संध्याकाळी फिरायला निघताना मला एक विडा लागतो. तो हातात घेऊन मी प्रयोग पाहायला गेलो. नर्मदेने गोलाकडे पाहिले, मग माझ्या हाताकडे. तो विडा द्या म्हणाली. पान किती वेळात सुकते ते पाहू. शास्त्रापुढे विड्याची काय किंमत; मी दिला. तिने तो दोन्ही हातांनी घागरीवर अगदी मधोमध ठेवला, आणि मला त्या पोरीचे इतके कौतुक वाटले की त्या संध्याकाळी मी तिच्या 'ठेवला हाये'लाही दुरुस्त केले नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. हे मला माहीत नव्हते असे नाही. आमच्या कार्यक्रमात तिचा तास नव्हता, एवढेच.

आखाजीला नव्या घागरी भरायच्या म्हणून बायका उजाडण्याआधीच विहिरीवर येतात. मी आमच्या निरीक्षणाच्या तासाला मुलांना घेऊन मागे गेलो, तर विहिरीवरच्या साऱ्या घागरी काठाला ठेवलेल्या आणि साऱ्या बाया आमच्या तुकड्याच्या कडेला उभ्या. गोलाच्या मधोमध इमामबीची बकरी. इमामबी आमच्या पलीकडच्या घरची. तिची बकरी गावात सर्वत्र जाते. सरकीच्या वासाने ती आली असणार. सरकी तिने खुरांनी चहूकडे उधळली होती, ज्वारी चाटून साफ केली होती, घागर कलंडून चारही ढेकळे चिंब भिजली होती, आणि तिच्या तोंडाबाहेर माझ्या विड्याचा देठ लोंबत होता.

मी तिला हाकलायला पुढे झालो. पण नर्मदा आधीच उकिडवी बसली होती. एकेका ढिगाजवळ बोट नेत ती बोलू लागली, आणि मी शिकवलेल्या भाषेत नव्हे. सरकी पसरली, म्हणजे कापूस चिक्कार. ज्वारी कमी. ढेकळं चारी भिजली, पाणी लवकर आन् चारी महिने. तूर सरकली नाही, जशी हाये तशी. बायांच्या माना डोलत होत्या. मग ती घागरीशी आली, थांबली, आणि केशवकडे पाहून तिने ते सांगितले. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो माझ्या साऱ्या सुट्टीत मी एकदाही पाहिला नव्हता.

"पानच नाही. राजा गादी सोडून जाते."

उजाडेपर्यंत तिथे बाजार भरल्यासारखी गर्दी झाली. लांबच्या गावचा घट ऐकायला ज्यांना जाता आले नव्हते त्यांची आमच्या घरामागे सोय झाली होती. मी एका ढेकळावर उभा राहून हा बीजांकुरणाचा प्रयोग असल्याचे जाहीर केले. लोकांनी टोप्या सारख्या केल्या आणि विचारले, मास्तर, तिळाचं काय? मी म्हटले, हे सगळे बकरीने केले आहे. तेव्हा महादेवराव पुढे झाले. ते म्हणाले की बकरीने केले हे दिसतेच आहे. बकरी कोणी पाठवली, हा प्रश्न आहे. मी ढेकळावरून उतरलो. रहेमतुल्लाशेट कडेला डोळे मिटून उभा होता. दुपारपर्यंत त्याच्या सरकीची मागणी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याकडे मोठे टरबूज पाठवले.

गर्दीत हवालदारही होता. त्याला कापूस, तूर, पाऊस यांतले काही ऐकू आले नव्हते. त्याला राजा तेवढा ऐकू आला. त्या काळी हिंदुस्थानात राजा एकच होता आणि तो विलायतेत राहत असे. ज्याच्या घरी टकळी फिरते त्याच सरकारी शाळेच्या मास्तराने जमाव जमवून तो राजा जाणार असे मुलीच्या तोंडून वदवले, असा रिपोर्ट कचेरीत गेला आणि मला बोलावणे आले.

तहसीलदार साहेब पेन्शनीच्या जवळ आलेले गृहस्थ होते. नागपूरहून काही विचारणा होऊ नये, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी उरली होती. मी लेखी खुलासा नेला होता. त्यात अंकुरणावर तापमानाचा परिणाम सविस्तर दिला होता. तो घ्यायचा कोणी, हे ठरेना. पोलिसांचे म्हणणे, प्रकरण पेरणीचे आहे. शेतकीचा माणूस म्हणाला, उगवले नाही त्याला आम्ही शेती म्हणत नाही. शाळेकडे पाठवावे तर शाळा बंद. आणि मास्तर सुट्टीत कोणत्या खात्याचा असतो याविषयी कारकुनांत मतभेद झाले. शेवटी ठरले की विडा खाल्ल्याचा पुरावा पाहिजे, तेव्हा आधी बकरीचा पंचनामा करावा.

हवालदार इमामबीच्या दारी गेला. मीही गेलो, कारण बकरीचे नीट झाले तर माझे नीट होणार होते. इमामबी बकरीला पाला घालत होती. तिने दोघांचेही ऐकून घेतले. "माही बकरी कचेरीत काऊन येईन? पान खाल्लं तिनं. राजा थोडीच खाल्ला." कायद्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला खुलासा मला सुचला नव्हता. मी हवालदाराला तो लिहून घ्यायला सांगितले. त्याने घेतला नाही. बकरीऐवजी मग साहेबांनी नर्मदेला घेऊन यायला सांगितले.

मी तिला सारा रस्ता समजावत नेले. अंकुरण म्हणायचे. प्रयोग म्हणायचे. शुद्ध बोलायचे. ती मान हलवत होती. खरे सांगायचे तर मी घाबरलो होतो. नोकरी गेली असती तर दुसरी कोणती कला माझ्या अंगी नव्हती, आणि भाषण देऊन पोट भरत नाही, हे तोवर मला पुरते कळले होते.

साहेबांनी तिला जवळ बोलावले आणि गोड आवाजात विचारले, बाळ, पान म्हणजे राजा ना? मग हा कोणता राजा?

"आमचे बाबा," नर्मदा म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. त्यांनी विचारले, आणि गादी कोणती?

"ते आरामखुर्ची हाये न घरची, ते."

"बरं. राजा गादी सोडून गेला, म्हणजे काय होणार?"

नर्मदेने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवून सांगितले, "तं आमाले मामाच्या गावाले जाता येईन."

कचेरीत कोणी हसले नाही. साहेब हसल्याशिवाय हसायचे नाही असा तिथला रिवाज आहे. मग साहेब हसले आणि पट्टेवाल्यापर्यंत सगळे हसले. राजद्रोह मिटला. साहेबांनी कागदावर 'प्रकरण घरगुती' असा शेरा मारला आणि माझी नोकरी वाचली. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा त्यांनी नर्मदेला परत बोलावून, घटात बदल्यांचे काही निघते का म्हणून हळूच विचारले.

कचेरीत जे घडते ते गावात आधी पोचते. आम्ही घरी पोचलो तेव्हा ओट्यावर बसलेले सगळे मला राजासाहेब म्हणण्याच्या बेतात होते. मी सरळ आत गेलो. आरामखुर्ची समोरच होती; तिच्यात बसवेना, म्हणून पाटावर बसलो. माझ्याच पोरीने माझ्याच विड्यावर मला घराबाहेर काढले होते, आणि ते सांगताना ती आनंदली होती, हे माझ्या मनातून जाईना. मला वाईट वाटत होते. रागही आला होता, पण तो कोणावर काढावा हे ठरेना, म्हणून मी सौभाग्यवतींवर काढला. घट मांडला जातो आहे हे तुम्हाला ठाऊक होते, मग बोलला का नाही?

त्या पापड उन्हात घालत होत्या. शेवटचा पापड टाकून त्यांनी हात पुसले. "कुरडया मीच देल्ल्या पोरीले," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसांत पयल्यांदा हासली ते. मंग मी काऊन बोलू?"



ठरल्याप्रमाणे उकंडराव आले. त्यांनी गाडी दारात उभी केली, बैल सोडले नाहीत. परीक्षेचा दिवस म्हणून सारी आळी जमली होती. महादेवराव तर घरून खुर्ची घेऊन आले होते. उकंडरावांनी मुलांना विचारले, काय ठरलं?

केशवने एक पाय पुढे टाकला होता. नर्मदेने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढले. म्हणाली, "नाही येत, मामा. आम्ही बाबांजवळच राहतो." तिने ते शुद्ध बोलण्याच्या तासाच्या भाषेत सांगितले आणि खाली पाहत राहिली.

म्हणजे मी जिंकलो होतो. सगळ्या आळीसमोर, महादेवरावांच्या खुर्चीसमोर. पोरीला माझी दया आली होती म्हणून मी जिंकलो होतो. रिकामी गाडी वळवायला उकंडरावांनी कासरा उचलला, आणि त्या वेळी मला ते जिंकणे मुळीच नको झाले. मी म्हटले, थांबा. मुलांना म्हटले, जा, बसा गाडीत. सुट्टी आहे.

केशव तर बसलाच होता. नर्मदा हलली नाही. "तुमी बी चाला," ती म्हणाली.

मी म्हटले, छे. घराचे काय, दारच्या झाडाला पाणी कोण घालणार, शिवाय मला वाचायचे आहे. एकदा गावभर हसू झालेल्या माणसाने निदान स्वतःच्या ओट्यावर तरी ठाम राहावे, असे मला वाटत होते. तेवढ्यात रहेमतुल्लाशेट गर्दीतून पुढे आला. त्याने माझा हात हातात घेतला.

"मास्तर, तुमाले जा लागते," तो म्हणाला. "राजा गादी सोडते असं घटात निघालं. राजा गेला तं भाकीत खरं. भाकीत खरं तं कापूस बी खरा."

हा विचार आळीला एकदम पटला. ज्यांनी कपाशीच पेरायचे ठरवले होते ते सगळे माझ्याकडे पाहू लागले. महादेवरावांनी उभे राहून सांगितले की मास्तरांनी पालकांचे कर्तव्य करून दाखवले, आता शेतकऱ्यांचे करावे. कोणी आत जाऊन माझी वळकटी बांधली. कोणी माझा तांब्या आणला. इमामबीने झाडाला पाणी घालायचे कबूल केले. सौभाग्यवतींनी तर पापडांचा डबा कधीच गाडीत ठेवला होता आणि त्या स्वतःही बसल्या होत्या. म्हणजे त्यांनाही घट कळला होता. मी विरोध केला, पण तो फारसा कोणाला जाणवला नाही. रहेमतुल्लाशेटने मला हाताला धरून चढवले, आणि मागून दोघांनी वळकटी लोटली ती माझ्या पाठीला टेकून बसली.

गाडी निघाली. नर्मदा सरकत सरकत माझ्या शेजारी आली आणि तिने माझ्या मांडीवर डोके टेकले. परत येईपर्यंत भाषा बिघडणार, रंग रापणार, हे मला दिसत होते. मी एवढेच विचारले, की तुझ्या त्या नदीत टरबुजं कुठशी असतात. ती सांगू लागली, आणि थांबेचना. मी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

वळणावर अन्नपूर्णाबाईंनी पानाचा डबा उघडून मला विडा करून दिला. एरवी मी तो बराच वेळ हातात धरतो, गप्पा मारतो, मग खातो. पण रस्त्याच्या कडेला इमामबीची बकरी उभी होती आणि गाडीकडेच पाहत होती. मी विडा ताबडतोब तोंडात टाकला.